पुळी कोणती, ते आधी ओळखा

चेहऱ्यावर पहिली पुळी उठली की आपल्या घरात तीन वाक्यं हमखास कानावर येतात. पोट साफ होत नसेल. आंबे फार झाले. आणि हात लावू नकोस. यातलं तिसरं अगदी खरं आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते: हात लावू नका, नखाने फोडू नका. पहिल्या दोन वाक्यांच्या नादात मात्र माझी बरीच वर्षं गेली. रात्री त्रिफळा, सकाळी कोमट पाण्यात लिंबू, उन्हाळाभर आंबा बंद, आणि पुळ्या जिथल्या तिथे.

ज्यांना हा त्रास नुकताच सुरू झालाय त्यांच्यासाठी, आणि दहावी-बारावीतल्या मुलामुलींच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: ‘पिंपल’ या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी येतात, प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि प्रत्येकीला वेळ लागतो. म्हणून क्रमाने जा. औषधाचा भाग आधी वाचून मेडिकलमध्ये धावू नका.

१. आत काय चाललंय

चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना शरीरात अँड्रोजन हार्मोन्स वाढतात, मुलांच्या आणि मुलींच्याही, आणि ही ग्रंथी जास्त तेल सोडायला लागते. केसाच्या नळीच्या आतल्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन बाहेर पडतात. त्या आता एकमेकींना चिकटून बसतात. तेल आणि पेशी मिळून नळीला बूच बसतं. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू सगळ्यांच्याच त्वचेवर राहतात, ते या कोंडलेल्या जागेत वाढतात. मग शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होते आणि सूज, लाली, पू हे सगळं मागोमाग येतं. बाहेरच्या धुळीचा, मळाचा यात फारसा हात नसतो. दिवसातून सहा वेळा तोंड धुणाऱ्या मुलीलाही पुळ्या येतात, आणि तिला अस्वच्छ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पहिलं सूक्ष्म बूच बसल्यापासून पुळी डोळ्यांना दिसेपर्यंत आठेक आठवडे जाऊ शकतात. हे एकदा नीट मनात ठसलं की पुढचं सगळं सोपं होतं. आज उठलेल्या पुळीचा आळ कालच्या भज्यांवर घालण्यात अर्थ उरत नाही. औषधसुद्धा दिसणाऱ्या पुळीवर ठिपका देऊन भागत नाही; जिथे नेहमी पुळ्या येतात तो अख्खा भाग, कपाळ असो वा गाल, त्याला औषध लागतं. कारण पुढच्या महिन्यातल्या पुळ्या आत्ताच तिथे तयार होत असतात.

२. खिडकीपाशी आरसा घेऊन बसा

सकाळचा उजेड बाजूने येईल असं बसा. चेहरा धुतलेला, कोरडा. मोबाइलचा कॅमेरा वापरलात तर सौंदर्य वाढवणारा फिल्टर बंद करा.

नाकावर, हनुवटीवर काळे ठिपके दिसतात ते ब्लॅकहेड्स. नळीचं तोंड उघडं असतं, आतल्या बुचाला हवा लागते, आणि त्यातलं मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) व तेल काळं पडतं. ती घाण नव्हे, त्यामुळे घासून निघत नाही. नाकावर सारख्या अंतरावर दिसणारे फिकट राखाडी बारीक ठिपके मात्र ब्लॅकहेड्सही नसतात. तेल बाहेर येण्याच्या त्या नेहमीच्या वाटा आहेत, प्रत्येकाला असतात. पट्टी चिकटवून ओढून काढल्या तरी काही दिवसांत पुन्हा भरतात. त्यांना सोडून द्या.

कपाळावर त्वचेच्याच रंगाचे, रव्यासारखे खरखरीत दाणे असतील, त्वचा जरा ताणली की जास्त उठून दिसत असतील, तर ते व्हाइटहेड्स. इथे नळीचं तोंड बंद आहे. दुखत नाहीत म्हणून दुर्लक्ष होतं, पण उद्याच्या लाल पुळ्यांचं बी हेच.

लाल, टणक, हात लावला की दुखणारी आणि पू नसलेली ती साधी पुळी. तिच्या टोकाला पिवळसर पू दिसला की ती पिकली. हे दोन्ही प्रकार वरवरचे आहेत. न छेडता सोडले तर बहुतेक खड्डा न पाडता जातात, डाग मात्र ठेवून जातात.

आता खोलवरच्या. त्वचेखाली गोटीसारखी गाठ लागते, ठणकते, आठवडे राहते, तिला तोंडच नसतं. ही नोड्यूल. तशीच पण आत मऊ, पू-पाणी भरलेली असेल तर तिला सिस्ट म्हणतात. या दाबून कधीही बाहेर फुटत नाहीत. दाबल्यावर आतल्या आत फुटतात, सूज पसरते आणि कायमचा खड्डा राहतो. चेहऱ्यावर, पाठीवर, छातीवर अशा गाठी असतील तर इथेच वाचणं थांबवून त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. घरचा कुठलाच उपाय तितक्या खोल पोचत नाही.

सुश्रुतसंहितेत तारुण्यातल्या या पुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटलंय आणि त्यांची तुलना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्यांशी केली आहे. काटेसावरीचं खोड जवळून पाहिलं असेल तर कळेल की किती अचूक उपमा आहे: तळाशी रुंद, वर टोकदार, एकाला लागून एक. त्या श्लोकात या पुळ्या तरुणांना होतात असंही स्पष्ट म्हटलंय. म्हणजे हा मोबाइलच्या पिढीचा रोग नक्कीच नाही.

बहुतेकांच्या चेहऱ्यावर दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. सर्वांत खोल प्रकार कोणता, यावर उपचार ठरतो. तो वहीत लिहून ठेवा.

३. हे मुरूमच आहेत ना?

इथे बरेच जण फसतात. पावसाळ्यात कपाळावर केसांच्या रेषेलगत, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या बारीक पुळ्या एकदम उठल्या आणि त्यांना खाज येत असेल, तर बुरशीमुळे झालेला केसांच्या मुळांचा दाह असू शकतो. मलॅसेझिया नावाची बुरशी घामट, दमट हवेत फोफावते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर तिला अगदी मानवतो. अँटिबायोटिकने हा त्रास उलट वाढतो, बुरशीविरोधी औषधाने जातो. खाज हा मोठा पुरावा आहे. साध्या मुरुमांना ती सहसा नसते.

थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगनंतर दोन-तीन दिवसांत त्याच जागी उठणाऱ्या पुळ्या, दाढी केल्यावर मानेवर केस आत वळून येणारे फोड, मे महिन्यातलं घामोळं, हे सगळं वेगळं. आंब्याचंही बोलायला हवं. देठाशी असतो तो चीक ओठांना, गालाला लागला की काही जणांना पुरळ आणि फोड येतात. ती चिकाची रिअ‍ॅक्शन असते. आंबा देठाकडून कापून, चीक काढून, थोडा वेळ पाण्यात ठेवायची आजीची पद्धत त्यासाठीच चांगली आहे.

औषधांनीही मुरुमांसारख्या पुळ्या येतात. स्टिरॉइड, टीबीवरचं आयसोनियाझिड, जिममध्ये काही जण घेतात ती हार्मोनची इंजेक्शनं, आणि बी-१२ची इंजेक्शनं सुद्धा. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२चा कोर्स सर्रास होतो, त्यामुळे कोर्स सुरू झाल्यावर अचानक पुळ्या आल्या तर ते डॉक्टरांना सांगा. कुठलंही औषध स्वतःहून बंद मात्र करू नका, टीबीचं तर मुळीच नाही.

बायकांसाठी एक खूण. पुळ्या जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर येतात, पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केस येऊ लागलेत, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. पंचविशी-तिशीनंतर असं झालं तर ‘या वयात कसले मुरूम’ म्हणून लाजू नका. त्या वयात येतात, अनेकींना येतात.

४. जे लावताय ते आधी थांबवा

नवीन काही आणण्याआधी कपाट रिकामं करायचं. माझ्या मते हीच सगळ्यांत मोलाची पायरी आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी होस्टेलजवळच्या एका मेडिकलमधून ‘मुरूम जातील आणि उजळही व्हाल’ असं सांगून दिलेली ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा गुळगुळीत झाला. मैत्रिणींनी नाव विचारलं, मी आनंदाने सांगितलं, आणि त्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं. तीन-चार महिन्यांनी गाल उन्हात गेलं की भाजल्यासारखे लाल व्हायला लागले, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, आणि ट्यूब एक दिवस चुकली की पूर्वीपेक्षा दुप्पट पुळ्या. ती स्टिरॉइडची ट्यूब होती. सावरायला दीड वर्ष लागलं.

म्हणून खोका वाचायला शिका. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव दिसलं तर ते मलम मुरुमांवर लावायचं नाही. मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तिघांची मिळून ट्यूब असते, ती गोरेपणाच्या नावाने गावोगाव विकली जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. तरी काउंटरवर मागितलं की मिळतं, हे आपण सगळे बघतो. कुणी महिनोन्महिने असं मलम लावत असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा हे त्वचा जाळतात, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर प्रत्येक जळण्याचा काळा डाग पडतो. लिंबू लावून उन्हात गेलं तर आणखीच. अक्रोडाचे, साखरेचे स्क्रब बंद. सहाणेवर उगाळलेलं जायफळ आमच्याकडेही लावायचे. मायेने लावायचे, तरी चरचरत असेल तर धुऊन टाका. दिवाळीला अंगाला उटणं जरूर लावा, फक्त पुळ्यांवर चोळू नका.

खोबरेल तेलाबद्दल बोललं की आई लोक रागावतात. पण रात्री डोक्याला तेल चोपडून झोपलं की ते कपाळावर, उशीच्या अभ्र्यावर आणि तिथून गालावर येतं, आणि हे तेल नळ्यांची तोंडं बुजवणारं आहे. कपाळावर दाणे असतील तर न्हाण्याआधी तासभर तेल लावा, मग केस धुवा. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

पुण्यात दुचाकीवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींनो, स्कार्फ ऊन-धूर अडवतो हे खरं, पण कालचा घाम त्यात वाळलेला असतो आणि कापड दिवसभर गालावर घासतं. सुती घ्या, रोज धुवा, दोन-तीन ठेवा. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टाही पुसत जा. हेल्मेट काढायचं कारण मात्र पुळ्या होऊ शकत नाहीत.

५. पहिले दोन आठवडे फक्त तीन वस्तू

सौम्य फेसवॉश सकाळी आणि रात्री, घाम आला तर मध्ये एकदा साध्या पाण्याने. तोंड धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी होत असेल तर फेसवॉश कडक आहे. अंगाचा साबण चेहऱ्याला नको.

तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतं. ‘ऑइल फ्री’ किंवा ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (नळ्यांची तोंडं न बुजवणारं) लिहिलेलं हलकं जेल घ्या. पुढे औषध लावल्यावर चेहरा कोरडा पडतो आणि बहुतेक जण तिथेच औषध सोडतात. मॉइश्चरायझरची सवय असली की टिकतात.

तिसरं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, जेलसारखं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीभर. पुळी जाते पण तिचा काळा डाग उन्हाने गडद होतो आणि महिनोन्महिने राहतो, म्हणून ढगाळ दिवशीसुद्धा.

बस. सीरम, टोनर, शीट मास्क काही नको. सोशल मीडियावरचं दहा बाटल्यांचं रूटीन पाहून मोह होतो, पण दहा गोष्टी एकदम लावल्या तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कळायला मार्ग राहत नाही.

६. मग एकच औषध

तुमच्या वहीतला प्रकार काढा. ब्लॅकहेड्स, व्हाइटहेड्स जास्त असतील तर अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल. नळीतल्या पेशी चिकटण्याचं मूळच ते सोडवतं. हे डॉक्टरांना एकदा दाखवून, चिठ्ठीवरच घ्या. फारच थोडे दाणे असतील तर २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश किंवा लोशन चालतं. ते तेलात विरघळतं, त्यामुळे नळीत शिरतं.

लाल आणि पिकलेल्या पुळ्यांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही, हा त्याचा मोठा गुण. २.५ टक्क्यांचं घ्या. जास्त टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. त्याने कपड्याचा रंग उडतो, म्हणून टॉवेल आणि अभ्रा पांढरा ठेवा, आवडती ओढणी लांब ठेवा. क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटं कधी लावू नका. जिवाणू लवकर निर्ढावतात.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अ‍ॅडापलीन नको. अझेलिक अ‍ॅसिड त्या काळात सुरक्षित मानतात, आणि ते डागही फिके करतं. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

अ‍ॅडापलीन लावायची रीत अशी. रात्री चेहरा धुवा, पूर्ण कोरडा होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा. मटारच्या एका दाण्याएवढं जेल अख्ख्या चेहऱ्याला पुरतं. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके द्या आणि पातळ पसरा. डोळ्यांच्या कडा, नाकाच्या बाजूच्या घड्या, ओठांचे कोपरे सोडा. वर मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पुळ्या वाढल्यासारख्या वाटू शकतात. आत तयार झालेल्या लवकर वर येतात म्हणून. इथे धीर सुटतो. बारा आठवडे झाल्याशिवाय औषधाला नापास करू नका. पण चेहरा सुजला, पाणी सुटलं, सतत जळजळ होत राहिली, तर ती वेगळी गोष्ट. औषध थांबवा आणि दाखवा. दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच वेळी एक फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

७. डॉक्टरांकडे केव्हा

गाठी आहेत, खड्डे पडू लागलेत, पाठ-छाती भरली आहे, बारा आठवडे नीट औषध लावूनही उतार नाही, किंवा मुलगा-मुलगी बाहेर जायचं टाळते आहे. यातलं एक कारण पुरेसं आहे. शेवटचं मी जाणूनबुजून लिहिलंय. पुळ्या वैद्यकीय दृष्ट्या किरकोळ असल्या तरी मन खचलं असेल तर तो तातडीचा विषय समजा.

तिथे आयसोट्रेटिनॉइनचं नाव निघालं तर घाबरू नका आणि हलक्यातही घेऊ नका. १९८२ पासून वापरात असलेलं, गाठींवरचं सर्वांत परिणामकारक औषध आहे ते. त्याने तेलग्रंथीच आकसतात. ओठ फार कोरडे पडतात, यकृत आणि रक्तातली चरबी तपासावी लागते. आणि या काळात गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं, म्हणून औषध चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं, हे इथे अक्षरशः धोक्याचं आहे.

८. डाग, खड्डे आणि खाणं

सपाट काळा-तपकिरी डाग हा डाग. बोटाला खळगा लागतो तो खड्डा. डाग सनस्क्रीन आणि वेळ यांनी बरेचसे जातात, सहा महिने ते वर्ष धरा. खड्डे क्रीमने भरत नाहीत. त्यांचे उपचार डॉक्टर करतात, तेही नव्या पुळ्या थांबल्यावर.

खाण्याचा संबंध आहे, पण घरात सांगतात तेवढा नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात बारा आठवडे रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्या तरुणांच्या पुळ्या जास्त कमी झाल्या. म्हणजे गोड चहाचे कप, बिस्किटं, कोल्ड्रिंक कमी करून बघायला हरकत नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, भाजी हा आपला डबा उत्तमच आहे. काहींना दुधाने, आणि जिमच्या व्हे प्रोटीनने (दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरने) त्रास वाढतो. दोन-तीन महिने बंद करून फरक पडतो का पाहा. नाही पडला तर उगाच उपास नको.

घरच्यांना थोडंसं. लग्नात, बारशाला जमलेल्या मावश्या-आत्यांनी मुलीच्या हनुवटीला धरून ‘काय गं हे चेहऱ्याचं करून घेतलंस’ असं विचारू नये. तिने काही करून घेतलेलं नाही. आई असाल तर तिथल्या तिथे विषय बदला. डॉक्टरांकडे तिच्याबरोबर जा, आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा, आणि आत गेल्यावर तिला स्वतः बोलू द्या.